रिकाम्या बाटलीतला कापूर

मी चौथी पास आहे. पाचवीच्या वर्गातही काही महिने बसलो होतो, पण ते कोणी धरत नाही, म्हणून मीही धरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी एका मोठ्या यंत्राबद्दल आणि ते चालवणाऱ्या एका इंग्रज साहेबाबद्दल लिहिणार आहे, आणि वाचणारा मध्येच थांबून म्हणेल की या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. मला कळलं तेवढंच लिहिलंय. ज्याला जास्त कळतं त्याने आपलं वेगळं लिहावं.

कुवेतमध्ये फहाहीलच्या जवळ तेलाची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे मी बाटल्या धुवायचो. गावी रत्नागिरीला सांगताना मी 'प्रयोगशाळेत आहे' एवढंच सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं. इराकच्या लढाईच्या आधीही मी कुवेतातच होतो. लढाईत अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आलो, आणि ती संपल्यावर परत गेलो. घरच्यांनी नको म्हटलं म्हणून तर गेलोच.

तेव्हा दक्षिणेकडची जमीन काळी पडली होती. तेलाच्या विहिरी जळून विझल्या होत्या आणि वाळूत तेलाची तळी साचली होती. कुठलं तेल कुठून आलं, समुद्रात गेलं ते कोणाचं, हे सांगणारा माणूस पाहिजे होता. म्हणून साहेब आले. उंच, अंगाने सडसडीत, आणि आल्यापासून आठवड्यात उन्हाने लाल झाले ते शेवटपर्यंत लालच राहिले. त्यांच्याबरोबर लाकडी खोक्यातून यंत्र आलं. त्याचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. हे नाव मला नीट म्हणता यायला वर्ष लागलं.

यंत्राचं काम काय, ते साहेबांनी मला समजावलं होतं. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते सगळं मराठीत लिहितो, म्हणजे दोघांच्याही चुका झाकल्या जातील.

"चाचा, मडकं फोडायचं," ते म्हणाले. "मग एकेक खापरी तोलायची. खापऱ्यांच्या वजनांवरून सांगायचं की मडकं कसलं होतं."

"अख्खं मडकं बघून का नाही सांगता येत?"

"ते इतकं लहान असतं की दिसतच नाही."

"मग फोडता कसं?"

"त्याच्यासाठीच मला पगार देतात."

एवढ्यावर मला यंत्र समजलं. पुढे पुण्याच्या इंजिनिअरने फळ्यावर आकृत्या काढून तेच परत समजावलं, तेव्हा माझा गोंधळ झाला.

हा पुण्याचा इंजिनिअर साहेबांच्या हाताखाली होता. बायको आणि लहान मुलगी घेऊन रिग्गईला राहायचा. मुलीला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हा ते मराठीत करून मला सांगायचा, जसा काही मी परदेशी पाहुणा. माणूस हुशार, पण भित्रा. मुदीरने, म्हणजे आमच्या कुवेती मॅनेजरने, सहज जरी विचारलं की "काय चाललंय?", तरी हा उभा राहून पूर्ण हकीकत सांगायचा.

साहेबांची हकीकत मला चहाच्या वेळी थोडी थोडी कळत गेली. त्यांनी मुद्दाम कधी सांगितली नाही. त्यांचा बाप गॅसच्या कारखान्यात कोळसा ओढायचा. हे सोळाव्या वर्षी एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले, आणि दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गात शिकले. हे ऐकल्यापासून मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायला लागलो. आधी उभा राहून प्यायचो. त्यांनी दोन्ही वेळा काही म्हटलं नाही.

त्यांनी चालवलेलं पहिलं यंत्र एका खोलीएवढं होतं आणि त्यात म्हशीएवढं लोहचुंबक होतं. त्याने त्यांचं लग्नातलं घड्याळ कायमचं बंद पाडलं. बायकोने विचारलं तेव्हा यांनी खरं कारण सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही. मग बरीच वर्षं ते शर्यतीच्या घोड्यांचं मूत तपासत होते, कोणी घोड्याला औषध पाजलंय का ते बघायला. मग समुद्रातल्या तेलाचं काम. मग कुवेत.

"घोड्याच्या मुतावरून तेलावर आलात, म्हणजे बढती झाली," मी म्हणालो.

"घोडे जास्त प्रामाणिक होते," साहेब म्हणाले.

त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावरून वर रोज कुरबूर व्हायची. सकाळी आल्यावर ते आधी काहीच तपासायचे नाहीत. म्हणजे खरोखरच 'काहीच नाही' तपासायचे. मी धुतलेल्या बाटलीत पेट्रोलसारखं उडून जाणारं एक स्वच्छ द्रव घालायचं, त्यात नमुन्याचा थेंबही नाही, आणि ते यंत्रातून चालवायचं. पडद्यावर सरळ रेघ आली पाहिजे. रेघ सरळ आली की दिवसाचं काम सुरू. कुठे उंचवटा दिसला की काम बंद, आणि तो कशाचा ते शोधायचं. मुदीर म्हणायचा, रोजचा अर्धा तास रिकामी बाटली तपासण्यात जातो. साहेब म्हणायचे, हो, जातो.

मला ही पद्धत पसंत होती. त्या सरळ रेघेत माझा हात होता. इतक्या वर्षांत माझ्या बाटलीमुळे रेघ कधी वाकडी झाली नाही. हे मी सांगतोय म्हणून नाही, यंत्राने सांगितलेलं आहे.

अशी दहाबारा वर्षं गेली. साहेबांनी साठी ओलांडली, बायको वारली, ते एगैलाला एका फ्लॅटमध्ये एकटे राहायला लागले. परदेशी माणसाला त्या वयात ठेवून घ्यायचं की नाही, हे दरवर्षी मुदीरच्या मनावर असायचं. त्या वर्षी मुदीरने स्पष्टच सांगितलं. दोन कंपन्यांचा वाद होता. एकमेकींला लागून त्यांची जागा, मध्ये जमिनीत तेल मुरलेलं, आणि दोघी म्हणत होत्या की ते दुसरीचं. त्याचा रिपोर्ट महिनाअखेर द्यायचा. वेळेत गेला तर साहेबांचा करार वाढेल. नाही गेला तर नमुने परदेशी प्रयोगशाळेत जातील आणि साहेब घरी.

"घरी काय वाईट आहे?" मी त्यांना विचारलं.

"माझ्या वयाच्या माणसाला तिकडे यंत्राजवळ कोण उभं करणार, चाचा? बागेत उभं करतील."

त्यांना बागेची आवड नव्हती. फ्लॅटमध्ये एक कुंडी होती तीही मीच पाणी घालून जगवलेली.

महिन्याच्या मध्यावर एका सकाळी रेघेवर उंचवटा आला. बारीक, टोकदार, एकच. साहेबांनी द्रव बदललं. उंचवटा. सुई बदलली, यंत्राच्या तोंडाशी रबराची बारीक चकती असते ती बदलली. उंचवटा. मग त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं की या खापऱ्या कोणत्या मडक्याच्या. कॉम्प्युटर म्हणाला, कापूर.

खोलीत तेव्हा चौघे होतो. साहेब, इंजिनिअर, केरळचा एक टेक्निशियन आणि मी. टेक्निशियनने नाक वर करून हवा हुंगली, मग माझ्याकडे बघितलं. मग इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं.

त्याचं कारण असं की मी गुडघ्याला बाम लावायचो. पिवळा, काचेच्या बाटलीतला, फहाहीलच्या बाजारात मिळतो तो. बामच्या बाटलीवर लिहिलेल्या जिनसांत कापूर होता, ते इंजिनिअरने मोठ्याने वाचून दाखवलं. आणि खोलीत वास होता, हे खरं. पण तो मलाही येत होता, आणि माणसाला स्वतःचा वास येत नाही.

"चाचा, रागावू नका," इंजिनिअर म्हणाला. "पण बाम तुम्हीच लावता."

"कधीपासून लावतो?"

"आम्ही बघतोय तेव्हापासून."

"मग रेघ आजच का वाकडी झाली? माझा गुडघा काय आज जन्माला आला?"

"साठत गेलं असेल."

"कुठे साठलं असेल? तुझ्या डोक्यात?"

साहेब म्हणाले, "चाचा, थोडे दिवस तुम्ही बाहेर बसा. बाम लावू नका. अत्तरही नको."

बाम नाही म्हटलं ते मी ऐकलं असतं. पण अत्तर मी फक्त जुम्म्याला लावायचो, आणि जुम्म्याला प्रयोगशाळा बंद असायची. न केलेल्या गोष्टीला मनाई केली की मला ती करावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी मी अत्तर लावून आलो आणि बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलो. बाटल्याही पॅसेजच्या टोकाच्या मोरीत धुतल्या. गुडघा दुखत होता. बाम लावला नाही, कारण मग ते म्हणाले असते की बघा, लावला.

मी बाहेर, बाम घरी, आणि उंचवटा तसाच. साहेबांनी यंत्राची आतली लांब नळी बदलली. तसाच. केरळवाला म्हणाला, भिंतीत मुरला असेल. म्हणजे माझा गुडघा आता भिंतीत शिरला होता.

दिवस निघून चालले होते. इंजिनिअर साहेबांना म्हणायला लागला, "सर, आपले नमुने तेलाचे आहेत. कापूर वेगळ्या जागी दिसतोय, तेल वेगळ्या जागी. मध्ये येत नाही. रिपोर्ट देऊन टाकू." मुदीरचाही निरोप आला की देऊन टाका. आणि मला विचाराल तर मीही म्हणालो असतो की द्या, पण मला कोणी विचारलं नाही, मी पॅसेजमध्ये होतो.

साहेब म्हणाले, "काही नसताना यंत्र काय दाखवतंय हे मला सांगता येत नाही. मग काही असताना ते दाखवतं त्याच्याखाली मी सही कशी करू?"

हे ऐकून मी उठलो, फहाहीलच्या खोलीवर गेलो, बामची बाटली आणली आणि त्यांच्या टेबलावर आपटली.

"तपासा," मी म्हणालो. "माझ्यासमोर तपासा."

साहेबांनी ती उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं," आणि काडीच्या टोकाएवढा बाम घेऊन यंत्रात चालवला. पडद्यावर एक नाही, बरेच उंचवटे आले. साहेबांनी पेन्सिलने दाखवले. हा कापूर. हा पुदिन्याचा अर्क. हा आणखी एक झोंबणारा. बाम असता तर सगळे एकत्र आले असते. रिकाम्या बाटलीत कापूर एकटाच होता.

"चाचांमुळे नाही," साहेब म्हणाले. एवढंच. मग इंग्रजीत म्हणाले की आमच्याकडे लोकरीच्या कपड्यांत कापूर ठेवतात, पण कुवेतात लोकर कोण ठेवतं. आणि सगळ्यांना विचारलं, "हा शुद्ध कापूर इथे कोण आणतं?"

इंजिनिअर टेबलाला धरून उभा होता. तो मला मराठीत म्हणाला, "चाचा, माझा कापूर तर जळून गेला होता."

"कुठला तुझा कापूर?"

मग त्याने सांगितलं. दसऱ्याला, म्हणजे रेघ वाकडी झाली त्याच दिवशी, सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला होता. त्याच्या घरी बापाने आयुष्यभर लेथ मशीन चालवली, आणि दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा केल्याशिवाय कोणी बटण दाबायचं नाही. इथे इतकं मोठं यंत्र, आणि त्यावर साहेबांची नोकरी टांगलेली. त्या वर्षी ती टिकावी म्हणून त्याने पहिल्यांदाच पूजा केली. हळदकुंकू लावून पुसून टाकलं. वाटीत कापराची एक वडी पेटवून ओवाळली. ती जळून गेली, वाटीत काही उरलं नाही, वाटी तो घरी घेऊन गेला. कापूर पेटवला की मागे काही ठेवत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून कॉम्प्युटरने कापराचं नाव घेतलं तेव्हाही त्याने आपल्या मनाची समजूत घातली, की तो बामच.

"बस, एवढंच?" मी म्हणालो.

"आणि एक पुडी ठेवली."

"पुडी?"

"अक्षता, कुंकू. मागे. वर्षभर राहू दे म्हणून." मग म्हणाला, "बायकोने बांधून दिली होती. तिने त्यात वडी घातली असेल तर मला माहीत नाही."

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी इंजिनिअरचं तोंड बघितलं आणि यंत्राच्या मागे हात घातला. हवा ओढणारा पंखा होता तिथेच, तारांच्या मागे, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. त्यांनी ती चिमट्याने उचलली. उघडल्यावर तांदूळ, कुंकू आणि दोन पांढऱ्या वड्या, अर्ध्या विरलेल्या. पंखा त्यांची हवा दिवसरात्र खोलीभर फिरवत होता आणि टेबलावरचं ते द्रव ती पीत होतं.

इंजिनिअर इंग्रजीत सगळं सांगायला लागला. पूजा, बाप, लेथ.  तिथे ऑफिसात अशी पूजा केल्याचं वर कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, असं त्याला वाटत होतं. गेली असती की नाही मला ठाऊक नाही. पण रिग्गईचं घर आणि मुलीची शाळा त्या नोकरीवर होती.

साहेबांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू यंत्रासाठी प्रार्थना केलीस."

"येस सर."

"माझ्या पूर्ण नोकरीत माझ्या यंत्रासाठी कोणी केली नव्हती." आणि मग त्या वडीतला एक कण घेऊन यंत्रात चालवला, कारण माणसाने कबूल केलं तरी त्यांना बघायचं होतंच. उंचवटा तोच निघाला.

पुढे खोली साफ करायची, यंत्र उघडायचं, आतले भाग तापवायचे, परत बंद करून त्यातली हवा काढायची. घाईने होणारं काम नाही ते. मी आणि इंजिनिअर दोघांनी मिळून केलं. तो माझ्याशी बोलत नव्हता, मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तरी काम बरं झालं. महिना संपला. दुसऱ्या महिन्यात काही दिवस गेल्यावर रेघ सरळ आली, साहेबांनी सगळे नमुने परत तपासले आणि रिपोर्ट लिहिला.

तोवर उशीर झाला होता. मुदीरने वर बोलावलं, साहेबांना आणि मला. मला का, तर कोणीतरी वर सांगितलं होतं की म्हाताऱ्याच्या बाममुळे झालं. मी स्वच्छ शर्ट घालून गेलो.

मुदीर वाईट माणूस नव्हता. त्याने आधी गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, पाजला. मग म्हणाला, "नमुन्यांचा दुसरा संच मी महिनाअखेरच परदेशी पाठवून दिला. मला थांबता येत नव्हतं. आता एवढंच सांगा, हे या माणसामुळे झालं का?"

"नाही," साहेब म्हणाले. "चाचांच्या बाटल्या स्वच्छ होत्या. आम्ही ते यंत्रावर तपासलंय."

"मग कोणामुळे?"

"खोली माझी आहे."

"मी खोली विचारली नाही. नाव विचारलं."

"दारावर माझं नाव आहे."

मी तोंड उघडलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त त्यांचा रिकामा पेला माझ्या हातात दिला. हातात पेला घेऊन माणसाला ओरडता येत नाही.  

मुदीरने बराच वेळ जपमाळ ओढली. मग म्हणाला की करार वाढणार नाही, वर्ष संपेपर्यंत राहा. आणि उभं राहून साहेबांशी दोन्ही हातांनी हात मिळवला.

जाण्याच्या आधीच्या जुम्म्याला मी साहेबांना फहाहीलच्या खोलीवर जेवायला बोलावलं. सुरमई तळली, कोकमाची कढी केली, तांदळाच्या भाकऱ्या शेजारच्या दापोलीवाल्याच्या बायकोने दिल्या. साहेबांनी विचारलं, इंजिनिअरला बोलावलं का. मी म्हणालो, नाही, तो शाकाहारी आहे. ते म्हणाले, मग त्याला कढी द्या, आणि स्वतः फोन केला. तो बायकोला घेऊन आला. बायकोने श्रीखंडाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "चाचा, पुडी मी बांधली होती."

"माहीत आहे," मी म्हणालो. "गाठ चांगली होती."

  जेवताना मी साहेबांना म्हणालो, तेही इंजिनिअरच्या देखत, "तुम्ही नाव सांगायला पाहिजे होतं. हा तरुण आहे. याला दुसरी नोकरी मिळाली असती. तुम्हाला आता कोण देणार?"

इंजिनिअरचा घास हातातच राहिला.

"मिळाली असती," साहेब म्हणाले. "पण मग तो कुठल्याही यंत्राजवळ घाबरत उभा राहिला असता. आणि आपलं यंत्र कोणी चालवलं असतं? तुम्ही?"

"मी चालवलं असतं."

मी हे खरं म्हणून बोललो होतो. साहेबांनीही ते तसंच धरलं आणि थोडा विचार केला.

"बाटल्या तरी स्वच्छ राहिल्या असत्या," ते म्हणाले, आणि सुरमईचा आणखी एक तुकडा मागितला.

इंजिनिअर हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच, आणि जरा जास्तच मोठ्याने. मग तो हात धुवायला म्हणून उठला. मोरीत नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. त्याची बायको ताटाकडे बघत होती, साहेब काटे काढत होते. कुवेतात पाणी असं सोडून ठेवायचं नसतं, आणि ठेवणाऱ्याला मी नेहमी बोलतो. त्या दिवशी बोललो नाही. मी साहेबांना भाकरी वाढली.